बत्तीसांतले तीन

पत्र

सर, नमस्कार.

मी रेडिओलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. थीसिसचा विषय आहे निरोगी माणसांच्या हृदयाच्या एमआरआयमधले नॉर्मल आकडे. दीड टेस्ला चुंबकीय ताकदीच्या मशीनवर ३२ जणांचे स्कॅन झाले, १८ पुरुष आणि १४ बायका. बहुतेक सगळे आमच्याच विभागातले. त्यातले तीन त्रास देताहेत.

पहिला आमचा टेक्निशियन. लांब पल्ल्याचा धावपटू. त्याच्या डाव्या कप्प्याचं ईडीव्ही, म्हणजे पूर्ण भरल्यावरचं आकारमान, २४५ मिली आलं. त्याला सोडून बाकी १७ पुरुषांची सरासरी १५८ आणि एसडी, म्हणजे आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा, २२ आहे. दुसरे ऑफिसमधले ५१ वर्षांचे गृहस्थ. त्यांच्या एलव्हीचं, म्हणजे डाव्या कप्प्याच्या स्नायूचं, वजन सगळ्यांत जास्त. त्या दिवशी त्यांचं बीपी १४८/९४ होतं, पण स्कॅनच्या भीतीने असेल म्हणून मी सोडून दिलं. तिसरी २६ वर्षांची एक नर्स. ईडीव्ही ११८, ईएसव्ही (आकुंचनानंतर आत उरलेलं रक्त) ५८, म्हणजे ईएफ (दर ठोक्याला बाहेर पडणारा टक्का) ५१ च्या आसपास. तिला कसलाही त्रास नाही.

गाइड म्हणतात, तिघांना काढ, टेबल स्वच्छ दिसेल. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्यांच्यासमोर मांडता येत नाही. शिवाय इतके तक्ते छापलेले असताना माझे ३२ जण कुणाला हवेत, असंही वाटतं. सबमिशनला तीन महिने आहेत. आणि त्या तिघांना काय सांगू? रोज समोर येतात.

— एक निवासी डॉक्टर

उत्तर

काढू नकोस. निदान आज तरी नको, आणि तिघांना एकाच दोरीने बांधून तर मुळीच नको. त्यांच्यातला एक जण कदाचित यादीतून जाईल, पण तो ज्या कारणाने जाईल ते तुझ्या एमआरआयच्या आकड्यात नाही. तुझ्या पत्रात ते एका ओळीत येऊन गेलंय आणि तू त्यावरून पुढे गेलीस.

तुझ्या ५१ वर्षांच्या गृहस्थांचं बोलतोय. १४८/९४. निरोगी कोण हे तू स्कॅनच्या आधी ठरवलं असशील: बीपी नाही, मधुमेह नाही, हृदयाचा आजार नाही, ईसीजी साधा. मग ज्याचं बीपी त्या दिवशी वाढलेलं होतं तो माणूस त्या व्याख्येत बसतो की नाही, हे तेव्हाच तपासायला हवं होतं. भीतीने वाढतंही बीपी, नाही असं नाही. पण मग पाच-दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजायचं, दुसऱ्या दिवशी मोजायचं, शंका राहिलीच तर चोवीस तासांचा पट्टा बांधायचा. ते अजूनही करता येईल. बीपी खरंच जास्त निघालं तर ते यादीतून बाहेर, आणि थीसिसमध्ये कारण लिहायचं: रक्तदाब. एलव्हीचं वजन जास्त आलं म्हणून, असं नाही. बीपी ठीक निघालं तर ते आत राहतील, वजन कितीही असो.

यात एक मेख आहे. जो नियम त्यांना लावशील तो बत्तीस जणांना लावायचा. तुझ्या वहीत आणखी कुणाचं बीपी त्या दिवशी १४० च्या वर होतं का बघ. असेल, आणि त्याचं हृदय अगदी पुस्तकातल्या चित्रासारखं देखणं असेल, तरी त्यालाही पुन्हा बसवून मोज. देखण्या हृदयाच्या माणसाला कुणी उलटतपासणीला बोलवत नाही, गडबड तिथेच होते. आधी हृदय बघायचं आणि मग माणूस निरोगी होता का ते ठरवायचं, हे म्हणजे आधी कळस मग पाया.

आता तुझा धावपटू. गाइड अगदीच चुकीचं बोलत नाहीत, हे आधी मान्य करू. तू दिलेल्या आकड्यांवरून मी कागदावर हिशोब केला. १७ पुरुषांची सरासरी १५८, एसडी २२. सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन एसडी घेतले तर नॉर्मलची हद्द येते ११४ ते २०२. त्याला आत घेतलं की सरासरी १६३ च्या जवळ जाते, एसडी २९.६ होते आणि हद्द १०४ ते २२२. वरची हद्द २० मिलीने सरकली हे समजू शकतं. पण खालची हद्दही दहाने खाली गेली! त्या माणसाचं हृदय मोठं आहे. लहान हृदय कुठपर्यंत नॉर्मल मानायचं, याच्याशी त्याचा काय संबंध? एक माणूस दोन्ही टोकं ओढतोय, कारण माणसं मोजून १८ आहेत आणि सूत्र सरासरी-एसडीचं आहे. गाइडना जे खुपतंय ते हेच असावं. दुखणं त्यांनी बरोबर ओळखलंय, औषध मात्र चुकलंय. त्याला काढून येणारी ११४ ते २०२ ही हद्द स्वच्छ दिसते, पण तीही भरवशाची नाही. का ते पुढे सांगतो.

आधी त्याच्या हृदयाकडे नीट बघ. ईएफ तू लिहिली नाहीस; ५८ धरली तर एका ठोक्याला १४२ मिली रक्त बाहेर पडतं. आराम करताना त्याची नाडी ४६ असेल तर मिनिटाला साडेसहा लिटर. तुझा सरासरी पुरुष घे: १५८ मिली, ईएफ ६२, म्हणजे ठोक्याला ९८. नाडी ६८ धरली तर मिनिटाला ६.७ लिटर. दोघांचं काम जवळपास सारखंच, हा मोठ्या बादलीने कमी खेपा करतो इतकंच. वर्षानुवर्षं लांब धावणाऱ्या माणसांत हे ठरलेलं आहे. कप्पा मोठा, त्या मानाने भिंत थोडी जाड, उजवा कप्पाही बरोबरीने मोठा, ईएफ साधारण किंवा किंचित खालच्या बाजूची. उजव्या कप्प्याचा आकडा बघ आणि त्याची खरी नाडी बघ. दोन्ही या चित्रात बसत असतील तर तो आजारी नाही. पण बसत नसतील तर मात्र हृदयतज्ज्ञांना दाखव, धावतो म्हणून सगळं माफ करू नकोस.

प्रश्न उरतो तो तुझ्या प्रोटोकॉलचा. त्यात खेळाडू नकोत असं लिहिलं होतंस का? बहुधा नाही, नाहीतर त्याला बोलावलंच नसतंस. मग तो राहतो. नॉर्मल तक्ता न-खेळणाऱ्यांचाच असावा असं आता वाटत असेल तर तोही मार्ग आहे, फक्त सरळ वाटेने जा: बत्तीस जणांना विचार, आठवड्याला किती तास धावता, पोहता, सायकल चालवता. एक रेघ ठरव, रेघेपलीकडचे सगळे काढ, मग त्यांतल्या दोघांचं हृदय अगदी मध्यम मापाचं का असेना. आणि हा नियम स्कॅननंतर केला, हे थीसिसमध्ये कबूल कर. परीक्षक त्यावरून तुला नापास करणार नाही. लपवलंस आणि त्याने विचारलं, तर मात्र तोंड लपवायला जागा राहणार नाही.

नर्सचा आकडा मला सगळ्यांत जास्त रस वाटावा असा आहे, कारण तो तिचा आहे की तुझा, हेच अजून ठरलेलं नाही.

शॉर्ट अ‍ॅक्सिसच्या स्लाइस, म्हणजे हृदयाचे आडवे काप, तू ८ मिमीच्या घेतल्या असशील, मध्ये २ मिमी अंतर. म्हणजे प्रत्येक स्लाइस एक सेंटिमीटर उंचीची चकती. सगळ्यांत वरची, झडपेजवळची बेसल स्लाइस डोळ्यांसमोर आण. डायस्टोलमध्ये, म्हणजे हृदय भरलेलं असताना, तिथे पोकळीचा व्यास ५ सेंमी असेल तर एकट्या त्या चकतीत २० मिली रक्त मावतं. आता सिस्टोल, म्हणजे आकुंचन. झडपेचं बूड टोकाकडे सेंटिमीटरभर किंवा जास्तच सरकतं. मशीनची स्लाइस आहे तिथेच राहते आणि हृदय तिच्याखालून निघून जातं. मघाशी जिथे एलव्ही होता तिथे आता अलिंद आलेलं असतं. चित्रात मात्र गोल पांढरी पोकळी तशीच दिसते. हात सवयीने तिच्याभोवतीही काँटूर, म्हणजे कडेची रेघ, ओढतो. पोकळीचा व्यास ३.५ सेंमी असेल तर ईएसव्हीत फुकट दहा मिली जमा.

तुझ्या नर्सचं ईएसव्ही ५८. त्यातून दहा वजा कर. ११८ आणि ४८, ईएफ ५९. प्रश्नच मिटला.

असंच झालंय असं मी म्हणत नाही. तिची ईएफ खरोखर ५१ असू शकते, आणि निरोगी तरुण बाईत ती तशी असू शकते. पण लाँग अ‍ॅक्सिसच्या (उभ्या कापाच्या) चित्रावर स्लाइसची रेघ टाकून ती झडपेच्या वर आहे की खाली, हे बघितल्याशिवाय त्या ५१ वर काही बोलू नकोस.

आणि इथेही तीच मेख. फक्त तिचे काँटूर पुन्हा तपासलेस तर तू तक्ता दुरुस्त करत नाहीस, मनासारखा करतेस. दहा मिलीची चूक उलट्या दिशेने झालेला कुणीतरी त्या बत्तिसांत असेल. त्याची ईएफ चुकून छान आली असेल आणि तो मधल्या घोळक्यात बिनबोभाट उभा असेल. त्याला कोण तपासणार? म्हणून बत्तीस जणांची नावं झाक, क्रम उलटसुलट कर, महिनाभर मध्ये जाऊ दे आणि सगळे पुन्हा काढ. काही केसेस दुसऱ्या कुणाला काढायला दे. दोघांच्या आकड्यांतला फरक ब्लँड-ऑल्टमनच्या पद्धतीने मांड. हे काम कंटाळवाणं आहे, पण थीसिसमधलं सगळ्यांत टिकाऊ पान तेच होईल.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, पोळून सांगतोय. पुष्कळ वर्षांपूर्वी एका केंद्रात आम्ही असाच तक्ता केला होता. विचित्र आकडे आले की ते काँटूर पुन्हा बघायचे, मधले आले की पुढे जायचं. एकेक विचित्र आकडा सरासरीकडे सरकत गेला. तक्ता देखणा झाला, एसडी इवलीशी. आम्ही खूश! मग तोच तक्ता रिपोर्टिंगला वापरायला लागलो, आणि उजवा कप्पा वाढलाय असा शेरा धडधाकट बायकांच्या रिपोर्टवर पडू लागला. एक तरुणी दोन वर्षांत तीनदा स्कॅनला आली. तिसऱ्या वेळी तिने विचारलं, मी जिने चढू की नको? ती दोन वर्षं चढत नव्हती. तिचं हृदय ठीक होतं, आमची पट्टी आखूड होती. तुझ्या गाइडना हवा तो स्वच्छ तक्ता शेवटी कुणाच्या अंगावर पडतो, ते मी असं बघितलंय.

आता बत्तीस पुरेत का. रक्ताच्या तपासण्यांच्या लॅबवाल्यांनी या प्रश्नावर आपल्यापेक्षा फार आधी डोकं खाजवलंय. आपण रेडिओलॉजीवाले त्यांच्याकडे कमी बघतो. क्लिनिकल अँड लॅबोरेटरी स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूटची मार्गदर्शिका सांगते: नवी हद्द स्वतः ठरवायची तर प्रत्येक गटात किमान १२० निरोगी माणसं. प्रत्येक गटात म्हणजे पुरुष १२० आणि बायका १२०. वयाचे गट पाडलेस तर आणखी. आकडा मोठा वाटतो, पण तो हवेतून आलेला नाही. खालची २.५ टक्के आणि वरची २.५ टक्के माणसं कुठे सुरू होतात हे आपल्याला हवंय, आणि १८ जणांत अडीच टक्के म्हणजे अर्धा माणूसही नाही.

सरासरी-एसडीच्या सूत्राने हद्द निघते खरी, पण ती किती डळमळीत असते बघ. १८ पुरुष आणि एसडी २२ धर. ९० टक्के खात्रीने बोलायचं तर हद्दीचा आकडा १५ मिलीने इकडे किंवा तिकडे असू शकतो. म्हणजे तुझी ती स्वच्छ २०२ ची हद्द खरं तर १८७ ते २१७ यांत कुठेही आहे. १२० जण असते तर हेच डळमळणं साडेपाच-सहा मिलीवर आलं असतं. धावपटूला ठेवायचं की काढायचं यावर तुम्ही दोघं २० मिलीसाठी भांडताय आणि पायाखालची फळीच ३० मिली हलतेय.

मग थीसिस पाण्यात का? नाही. तीच मार्गदर्शिका दुसरा रस्ता देते, आणि तो तुझ्या आवाक्यातला आहे. नवी हद्द बनवू नकोस, छापलेली हद्द तुझ्याकडे चालते का ते तपास. प्रत्येक गटात २० निरोगी माणसं घ्यायची. छापलेल्या हद्दीबाहेर दोनपर्यंत गेले तर हद्द स्वीकारायची. जास्त गेले तर आणखी २० घेऊन पुन्हा बघायचं. त्यातही नाही जमलं तर ती हद्द आपली नाही. तुझ्याकडे १८ आणि १४ आहेत. दोन पुरुष आणि सहा बायका, तीन महिन्यांत होईल. ते गृहस्थ बीपीमुळे गेलेच तर पुरुष तीन. आणि या वेळी विभागाबाहेरून आण. तुझ्या हाताखालच्या माणसाला स्कॅनला झोपतोस का असं विचारलं तर तो हो म्हणतो, नाही म्हणायची त्याची सोय नसते. संमतिपत्रावर सही असली तरी.

या रस्त्यावर धावपटू आणि नर्स यांचा अर्थच बदलतो हे लक्षात आलं का? तपासणीच मुळी हद्दीबाहेर किती जातात हे मोजायची आहे. बाहेर जाणाऱ्यांना आधीच काढून टाकलंस तर जगातली कुठलीही हद्द पास होईल. गाइडना हे असंच सांग. शिवाय निरोगी लोकांची ९५ टक्के मर्यादा म्हणजेच दर वीस निरोगी माणसांत एक बाहेर. तू समजा दोन्ही कप्प्यांचे मिळून १२ आकडे मोजलेस आणि ते एकमेकांपासून सुटे धरले, तर निरोगी माणसाचा निदान एक आकडा बाहेर पडायची शक्यता ४६ टक्के. खरं तर हे आकडे एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे थोडी कमी. तरीही, बत्तीसच्या बत्तीस जण सगळ्या आकड्यांत आत बसले असते तर मला तुझ्या वहीचा संशय आला असता.

कुठला तक्ता घ्यायचा? नुसता प्रसिद्ध बघून उचलू नकोस, कसा काढलाय ते बघ. मासेइरा आणि सहकाऱ्यांचा २००६ चा तक्ता १२० माणसांचा आहे, वय २० ते ८०. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचा २०१७ चा सुमारे ८०० जणांचा, पण वय ४५ ते ७४ आणि सगळे युरोपीय वंशाचे. तुझी २६ वर्षांची नर्स त्यात कशी बसवणार? कावेल-बोएम यांनी २०१५ मध्ये असे तक्ते एकत्र केले आणि २०२० मध्ये ते सुधारले, तिथून सुरुवात कर. साधारण २००० च्या आधीचे ग्रेडियंट एको या जुन्या पद्धतीने काढलेले आकडे मात्र घेऊ नकोस. हल्लीच्या एसएसएफपी सिने पद्धतीत रक्त आणि स्नायू यांची कड ठळक दिसते, त्यामुळे आकारमान जास्त आणि वजन कमी येतं. ते दोन आकडे एकमेकांशी लावायचेच नाहीत.

याहून फसवी गोष्ट पॅपिलरी, म्हणजे कप्प्याच्या पोकळीत उठून आलेल्या, स्नायूंची. त्या दोन तक्त्यांतच फरक आहे: मासेइरा यांनी पॅपिलरी आणि ट्रॅबेक्युला (आतल्या भिंतीवरचे स्नायूंचे धागे) पोकळीतून वगळले, बायोबँकवाल्यांनी पोकळीतच धरले. फरक किती? ईडीव्ही १५०, ईएसव्ही ६०, ईएफ ६० धर. आता १५ मिलीचे स्नायू दोन्हींतून वजा कर. १३५ आणि ४५. ठोक्याला बाहेर पडणारं रक्त तेच ९० मिली, पण ईएफ ६७ झाली. माणूस तोच, स्कॅन तोच, ठोकाही तोच! तू कोणत्या पद्धतीने काढलेस ते पत्रात नाही. ज्या पद्धतीने काढलेस त्याच पद्धतीचा तक्ता घे. आणि तुझ्या सॉफ्टवेअरचं ते बटण बत्तीसही केसेसना एकाच बाजूला होतं ना, हेही बघून घे. मी हसतोय, पण हे होतं.

बीएसएने, म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने, भागणार असशील तर एक छोटा खेळ करून बघ. १७० सेंमी उंची, ७० किलो. उंची गुणिले वजन, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ, हे मोस्टेलर यांचं १९८७ चं सूत्र, येतं १.८२. एलव्हीचं वजन १५० ग्रॅम असेल तर चौरस मीटरला ८२ ग्रॅमच्या थोडं वर. आता तोच माणूस ३० किलोने जाड कर, हृदय तसंच ठेव. बीएसए २.१७, भागाकार ६९. पोट सुटलं आणि कागदावर हृदय हलकं झालं. म्हणून जाड माणसांसाठी उंचीने भागलेला आकडाही शेजारी ठेव. ड्यू बॉइस यांचं १९१६ चं सूत्र अजून बऱ्याच मशीनमध्ये असतं. ते मुळात नऊ माणसांवरून काढलेलं आहे. तुझे ३२ कुणाला हवेत म्हणून विचारत होतीस ना, म्हणून सांगितलं.

आणि ते खरोखर कुणाला हवेत, याचं उत्तर तुझ्या थीसिसच्या दुसऱ्या प्रकरणात असायला पाहिजे. टी-वन मॅपिंग, म्हणजे स्नायूला चुंबकीयदृष्ट्या सावरायला लागणारा वेळ मोजणं, केलंयस का? मशीन दीड टेस्लाचं आहे, त्यासाठीचा मोली सीक्वेन्स असेलच. मिली आणि ग्रॅम बाहेरून उसने घेता येतात, कारण ती भूमिती आहे. टी-वन उसना घेता येत नाही. निरोगी स्नायूचा आकडा दीड टेस्लावर हजार मिलिसेकंदांच्या आसपास किंवा थोडा खाली, तीन टेस्लावर त्याहून बराच वर, आणि एकाच ताकदीच्या दोन मशीनवरही सीक्वेन्स, सॉफ्टवेअर आणि नाडीचा वेग यांनी तो सरकतो. म्हणूनच २०१७ च्या आंतरराष्ट्रीय सहमतिपत्रात प्रत्येक केंद्राने टी-वनची स्वतःची नॉर्मल हद्द काढावी असं म्हटलंय. ती हद्द तुमच्या विभागात काढणारी तूच आहेस. बायकांचा आकडा थोडा वर येतो, तेव्हा दोघांचे वेगळे मांड. हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) मोजला असशील तर तोही लिही. तक्त्यावर मशीनच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि तारीख घाल आणि फँटमचं, म्हणजे मशीन तपासायच्या नकली नमुन्याचं, स्कॅन दर महिन्याला करत जा. सॉफ्टवेअर बदललं आणि फँटमचा आकडा हलला, की तुझा तक्ता त्या दिवसापासून जुना झाला.

गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट) दिलं नाहीस ना? एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्या कागदात नसेल तर निरोगी माणसाला एक थेंबही नाही. पुढे जाऊ.

तिघांना काय सांगायचं. संमतिपत्र काढून बघ. अनपेक्षित काही सापडलं तर कळवू की नाही, कोण कळवेल, हे त्यात असायला हवं. धावपटूला सांग की तुझं हृदय धावणाऱ्याचं आहे, तू थीसिसमध्ये राहतोयस. तोही टेक्निशियन आहे, त्याने स्वतःचा आकडा कधीच बघितला असेल आणि तू काही बोलत नाहीस म्हणून झोप उडवून घेतली असेल. नर्सला आत्ता काही सांगू नकोस. दुसऱ्यांदा काँटूर काढून होईपर्यंत तुझ्याकडेच सांगण्यासारखं काही नाही. आकडा तरीही ५१ राहिला तर गाइड आणि हृदयतज्ज्ञ यांना विचारून, बसवून, शांतपणे सांग. जेवणाच्या सुट्टीत उभ्या उभ्या नको.

ते गृहस्थ मात्र उद्याच. थीसिससाठी बीपी मोजायचंय असं म्हणू नकोस, सरळ सांग: त्या दिवशी बीपी जास्त होतं, मी तेव्हा पुन्हा मोजायला हवं होतं. एलव्हीचं वजनही वरच्या बाजूला आहे, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना हा कागद दाखवा. आकडे लिहिलेला कागद त्यांच्या हातात दे. ५१ वर्षांच्या माणसाला बीपी आहे हे वेळेवर कळणं ही त्या बत्तीस स्कॅनमधली सगळ्यांत उपयोगाची गोष्ट निघेल कदाचित, आणि ती तक्त्यात कुठेच येणार नाही.

गाइडशी बोलायला जाताना एकच पान ने. वर ११४ ते २०२, खाली १०४ ते २२२, आणि दोन्हींच्या शेजारी ती अधिक-उणे १५ मिली. त्यांना आकड्यांवर बोलू दे. वीस-वीसची तपासणी आणि टी-वनचं प्रकरण त्यानंतर काढ.

काँटूर काढायला दुसरं कुणी मिळत नसेल तर नावं झाकून दहा केसेस मला पाठव. ज्या तिघांबद्दल लिहिलंस ते त्यांत आहेत की नाहीत, हे मात्र सांगू नकोस.